पेंटरकाकांचा ङ

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षरं कशी, तर गुबगुबीत आणि टोकाला मिशीसारखी वळलेली. पाट्या एकेक करून उतरू लागल्या, तशी पुतणीने त्या अक्षरांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करायला घेतला. पाट्यांच्या फोटोंत सगळी अक्षरं सापडली, एक ‘ङ’ सोडून.

"काका, हा कुठेच नाही! याच्याशिवाय फॉन्ट अडलाय."

"कुठल्या दुकानाच्या नावात असतो गं तो? जन्मात काढला नाही!"

"मग आज काढा."

काकांनी देवाचं नाव घेऊन ब्रश बुडवला. हात जुन्या सवयीने आपसूक फिरला. पोट फुगलं, मिशी वळली, शेजारी टिंब बसलं.

"अगं ए, बाहेर ये!" त्यांनी काकूंना हाक मारली. "म्हातारपणी पोर झालं!"

"हळू बोला," काकू आतून म्हणाल्या, "शेजारी पेढे मागायला येतील!"