कमळच्या मागे कोण चालत होतं

अठरा फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. शहापूर तालुक्यातल्या एका वन्यजीव शिबिरात मला बजावण्यात आलं, की पाहिलेलं कुणाला सांगायचं नाही. म्हणून इथे लिहिते.

निवृत्तीनंतर नातेवाईक काशीला जा म्हणत होते; मी बिबटे मोजायला गेले. लोकलने खर्डी, पुढे रिक्षा. भाडं आधी ठरवा आणि परतीसाठी रिक्षावाल्याचा नंबर घ्या. जेवण झकास: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. अभयारण्यात झाडांना कॅमेरे बांधलेत. समोर काही हललं की फोटो निघतो. पहिल्या दिवशी आम्ही त्यातली मेमरी कार्डं काढली. एक कॅमेरा वाघदेवाच्या शेंदरी दगडासमोर होता. सरपणाला जाणाऱ्या बायका तिथे काडी ठेवून पुढे जातात. मीही ठेवली, सगळ्यांच्या शेवटी; त्या कॅमेऱ्याचं कार्ड आम्ही परतताना काढलं. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. परततानाही मी सगळ्यांच्या मागे होते आणि मान उगाच आखडली होती.

दुसऱ्या सकाळी मला फोटो निवडायला बसवलं. प्राणी एका फोल्डरमध्ये, माणसं दुसऱ्यात. त्या दुसऱ्याचं नाव 'मानवी उपद्रव'. तो पुन्हा कुणी उघडत नाही. मी मात्र आधी सगळे फोटो वेळेनुसार लावले.

बायकांची रांग. शेवटी हिरव्या लुगड्यातली एक, काडी ठेवायला वाकलेली. पुढचा फोटो: तोच दगड, आणि ती काडी हुंगणारा बिबट्या. पुन्हा रांग, शेवटी तीच बाई, मागाहून तोच. दर खेपेला दोघांतलं वेळेचं अंतर कमी. अखेरीस माझी पाठ. त्यानंतर तो, मी गेले त्या दिशेला बघत.

मी शिबिराच्या संचालकांना बोलावलं. माझ्या मुलाच्या वयाचे.

"आंटी, तुम्ही बिबटे मोजायला आलात की बायका?"

"दोन्ही. बायका तुमच्या बिबट्याने आधीच मोजल्यात."

"गावात घबराट होईल, लोक त्याला मारतील. हे बाहेर जाता कामा नये."

मी बॅग उचलली आणि जवळच्या पाड्यावर गेले. दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. त्याची मालकीण कमळ दारात वाल निवडत होती. मी मोबाइलवर काढून आणलेले फोटो दाखवले.

"अगो, किती जाडी दिसते मी!" ती हसली. पुढचा फोटो आला आणि हसू थांबलं.

"तुम्हीच शेवटी का असता?"

"पाय दुखतो, मागंच राहते. पण बाय, आज मी नाय गेले. सून गेलीय. पोटुशी हाय, तीबी हळूच चालते."

रानात नावाने हाक मारायची नाही, अशी त्यांची रीत. रानाच्या तोंडाशी उभी राहून कमळ थाळी बडवत राहिली. एकेक मोळी दिसू लागली. मग नुसतीच वाट. मग सून.

"मागं कोण हाय गो तुझ्या?"

"कोण नाय," ती म्हणाली, मागे न बघता. डोक्यावर मोळी असली की मान वळत नाही. तिच्या पाठीमागे करवंदीची जाळी हलली. वारा नव्हता.

घरी आले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मागून येणाऱ्यासाठी दार धरायला शिकवलं होतं. आता दार धरण्याआधी मी मागे बघते. कमळचा फोन आला होता: "आमी जोडीनं चालतो आता. पण शेवटी कोणतरी असतंच ना?"

बिबट्या मरावा असं मलाही वाटत नाही. पण कॅमेरे पार धसईच्या बाजूपर्यंत आहेत आणि 'मानवी उपद्रव' अजून बंद आहे. त्यात ज्यांच्या बायका दिसतात त्या बाकीच्या पाड्यांना कोण आणि कधी सांगणार, हे संचालकांनी पंचवीस फेब्रुवारीच्या संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. बायका रोज सरपणाला जातात.