सासूबाईंचं लॉगिन
झेंडूचा वास आला की मला गंगापूर रोडवरचा आमचा छापखाना आठवतो. मी तेव्हा नवी सून. दसऱ्याला नवऱ्याने विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा नवा संगणक आणला आणि सासूबाईंनी त्याला झेंडूचा हार घातला. एका गिऱ्हाइकाची छापायची लग्नपत्रिका त्यातच होती, प्रिंटर मात्र जुन्या विंडोजवाल्याला जोडलेला. मुहूर्तावर पहिली पत्रिका हवी म्हणून येवल्याहून आलेले नवरीमुलीचे वडील ताटकळले होते, आणि जुन्यावरून फाइल मागितली की नवा संगणक पासवर्ड चुकीचा म्हणून हाकलून देई. "पूजेत काही राहिलं का गं?" सासूबाई कुजबुजल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: लिनक्समध्ये खातं असलं तरी विंडोजला फाइल द्यायची तर नाव-पासवर्ड पुन्हा वेगळा नोंदवावा लागतो. "म्हणजे लग्न करून आलं तरी रेशनकार्डावर नाव चढवावंच लागतं, तसंच की!" सासूबाई म्हणाल्या. "मग तुमचंच नाव घालते," मी म्हटलं. "थांब," त्या म्हणाल्या, आणि लग्नात बदललेलं आपलं माहेरचं नाव हळूच माझ्या कानात सांगितलं. त्या नावाने पत्रिका उघडली, तेव्हा त्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. तो संगणक कधीच भंगारात गेला. पण घरात कुणी नसलं की मी अजून त्यांना त्याच नावाने हाक मारते, आणि त्या स्वयंपाकघरातून खुशाल "ओ" देतात.