देवचाराची बाटली

आमच्या गावाच्या वेशीवर, जांभळीखाली, राखणदार देवचाराची जागा होती. नवस फिटला की लोक तिथे कोंबडा, विडी आणि दारूची बाटली द्यायचे. दारूबंदी होती, पण देवाची म्हणून गोव्याहून आलेल्या त्या बाटलीकडे सगळे काणाडोळा करत. ती आम्ही प्यायचो. मी आणि माझ्या वर्गातला, गाबीतवाड्यातल्या मासेवालीचा मुलगा. दोघांचेही वडील मुंबईला. शाळा सुटल्यावर दोघांनाही घरी जायची घाई नसे.

एकदा विसरलेली कोयती न्यायला, नवसाचं गाऱ्हाणं घालणारा गावकर परत आला. मी पळालो, तो सापडला.

संध्याकाळी देवळात माणसं जमली. हेडमास्तर म्हणाले, याचं नाव शाळेतून कमी करतो. माझे काका लगेच बोलले, "बाप मुंबैक बोटीर. असल्या घरातली पोरां दुसरां काय करतली?"

"आणि तुजो भाव खंय आसा?" त्याच्या आईने पायरीखालून विचारलं. "तो पण मुंबैकच मां?"

"तो हापिसात आसा."

"मगे हापिसातल्याचो पोरगो पियाना नाय?"

लोक हसले. मुलगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मी एकटो नाय. ह्यो पण होतो."

काकांच्या मानामुळे माझ्या नावाला हेडमास्तरांनी हात लावला नसता. मी हो म्हटलं असतं तर त्यालाही ठेवावं लागलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी उभा राहिलो आणि घरी कधी बोलत नसे तसलं पुस्तकी मराठी बोललो, "मी तिकडे कधीच गेलेलो नाही. हा खोटे बोलत आहे."

त्या शुद्ध बोलण्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. माझं तोंड कोणी हुंगलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात जाळं उकलत होता. मान वर न करता म्हणाला, "चल, चालू पड." आईने मासळीचं पाणी माझ्या पायाशी ओतलं. "खळ्यात पाय ठेवलंस तर बघ."

गावात त्याला बेवडो म्हणू लागले. तो बोटीवर गेला. जांभळीखाली मी एकटाच जात राहिलो. पुढे ओकाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा काका लोकांना सांगायचे, पोराक अभ्यासाचो ताण सोसना नाय.