कुंदाताईंची शेवटची रांग

समस्त मराठी जनांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, गाझियाबादच्या आमच्या मंडळाच्या नाट्यगृहातली शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची रिकामी झाली असून, यापुढे रंगमंचावर पुटपुटणाऱ्यांना रान मोकळे आहे... कुंदाताईंनी हे वाचलं असतं तर म्हणाल्या असत्या, "कळविण्यात येते काय? मी काय पाणीपट्टी आहे?"

बातमी मला मिराशीकाकांनी फोनवर दिली. मिराशीकाका आमचे जुने प्रॉम्प्टर. वर्षानुवर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजल्यामुळे त्यांचा मूळ आवाज कसा आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. "कुंदा गेली रे... दुपारी, झोपेतच," ते कुजबुजले आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना सुचेना. प्रॉम्प्टरला वाक्य कोण देणार?

कुंदाताई सबनीस आर्किटेक्ट होत्या. पुण्याहून लग्न होऊन दिल्लीला आलेल्या. मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा देशाची दारं उघडली होती म्हणे, आणि गाझियाबादेत त्या दारांना निळ्या काचा बसवायचं काम जोरात चाललं होतं. काल जिथे ऊस उभा होता तिथे आज सोसायटी, आणि तिच्या समोरच दुकानांची काचेची इमारत. अशा धामधुमीत आमच्या मंडळाला कोपऱ्यातला एक प्लॉट मिळाला. तोवर आमच्या तालमी कोणाच्या तरी दिवाणखान्यात, सोफे भिंतीला लावून व्हायच्या. समितीला आता काच हवी होती, संगमरवर हवा होता आणि लग्नांना भाड्याने देता येईल असा चकचकीत हॉल हवा होता. कुंदाताईंनी आराखडा आणला तो साध्या विटांच्या नाट्यगृहाचा. सगळ्यांचे चेहरे पडले. त्या म्हणाल्या, "समोरून कसं दिसतं ते सोडा हो. मागे बसून काय ऐकू येतं ते महत्त्वाचं. इथे रोज वीज जाते. वीज गेली की माइक जाणार. नाटक जाता कामा नये."

बांधकाम अर्धवट असतानाच दर रविवारी आमची वरात तिकडे निघे. आम्ही रंगमंचाच्या कच्च्या ओट्यावर उभं राहून साध्या आवाजात वाक्यं म्हणायची आणि ताई पार मागे, उपड्या घमेल्यावर बसून ऐकणार. तिथून आरोळी यायची, "ऐकू आलं, पुढे!" नाहीतर, "गिळलंस! परत!" मग त्या पदर खोचून परांचीवर चढायच्या आणि छताचे तिरके पाखे कुठे किती कलवायचे ते गवंड्याला दाखवायच्या. आवाज त्या पाख्यांवर टेकून मागच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. ठेकेदार चौधरीजी वैतागले. "मैडम, एक माइक लगा लो यार, किस्सा ख़तम!" ताई म्हणाल्या, "और बिजली आप दोगे?" एका रविवारी चौधरीजी स्वतःच ओट्यावर चढले आणि ताईंच्याच हट्टीपणाबद्दल हळू आवाजात काहीतरी बोलले. मागून उत्तर आलं, "सुनाई दिया चौधरीजी, आगे!" त्यानंतर ते माइकबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

आणि मग शुभारंभाचा प्रयोग! आता एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आमच्या मंडळात पाठांतराला फारसा मान नव्हता. सगळे ऑफिसवाले, वाक्यं पाठ करायला वेळ कोणाला? पाठांतर मुंबईवाल्यांनी करावं, आमच्याकडे मिराशीकाका होते. नायक होता आमचा देखणा धनंजय टिपरे. नाटक गंभीर, कौटुंबिक, रुमाल काढायला लावणारं. पडदा उघडला आणि ताईंच्या छताने आपलं काम चोख केलं... विंगेतल्या मिराशीकाकांचं प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं, आणि मागोमाग तेच वाक्य धनंजयचं! "आई, मी हे घर सोडतोय," मिराशीकाका. "आई, मी हे घर सोडतोय," धनंजय. आईच्या मृत्यूपर्यंत प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरायला आले होते. मी त्यात डॉक्टर होतो. आईची नाडी बघताना मलाही हसू आवरेना, आणि मृत आई माझ्या हाताला चिमटे काढत होती.

प्रयोगानंतर धनंजय मेकअपसकट ताईंवर धावून गेला. "ताई, तुमच्या छताने माझा घात केला!"

"छताने नाही रे, पाठांतराने. मिराशींचे उच्चार मात्र सुरेख होते हं!"

तेव्हापासून आम्ही वाक्यं पाठ करू लागलो. मिराशीकाकांचं काम गेलं. एका तालमीला ते विंगेत उगाच घुटमळत होते, तेव्हा ताईंनी त्यांना बोलावून आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. "पुष्कळ बोललात, आता ऐका." पुढे कित्येक वर्षं ते दोघं तिथेच दिसायचे. ताई आरोळी देणार, काका नुसती मान हलवणार.

धनंजय यथावकाश मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याला छताखाली दुसरं सपाट छत घालायचं होतं. एसी बसेल, लग्नवाले येतील, डीजे वाजेल. वरकरणी गैर काही नव्हतं. पण ते पाखे झाकले की नाट्यगृह मुकं झालं असतं. स्वतः उभं राहून घडवलेली ती एकच गोष्ट ताईंना जिवापाड जपायची होती. गेल्या वर्षी काठी टेकत बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "मी आहे तोवर छताला हात लावायचा नाही." धनंजय हसून म्हणाला, "बिल्कुल, ताई." तो थांबायला तयार होता.

शोकसभा अर्थातच तिथेच झाली. नाट्यगृह भरलं होतं. ताईंच्या खुर्चीवर मोगऱ्याचा गजरा ठेवला होता आणि शेजारी मिराशीकाका बसले होते. धनंजय सुंदर बोलला; पाठ करून आला होता. मग आम्ही सगळे श्रद्धांजलीसाठी उभे राहिलो. पंखेसुद्धा बंद केले. त्या शांततेत रंगमंचावर उभा धनंजय मान खाली घालूनच शेजारच्या खजिनदाराच्या कानात पुटपुटला, "सोमवारी छतवाल्याला बोलावून घे. आता अडवणारं कोणी नाही."

पाख्यांनी ते वाक्य अलगद उचललं आणि आम्हा प्रत्येकाच्या हाती आणून दिलं. धनंजयचा चेहरा शुभारंभाच्या प्रयोगात झाला होता तसा झाला. ते पाखे आजही उघडेच आहेत. कारणं समितीने काय नोंदवली ते मला माहीत नाही, पण मी तिथे होतो. त्या क्षणी मी मागे वळून पाहिलं, कारण मागून एक खणखणीत, भरदार, कधीच न ऐकलेला आवाज आला होता. गजऱ्याच्या खुर्चीवर हात ठेवून मिराशीकाका ओरडले होते:

"ऐकू आलं! पुढे!"