शेगडीजवळची काच

एर्सीलिया झोर्झान पादोव्हाच्या भौतिकशास्त्र संस्थेत लागली ती हातमोजे शिवायच्या जोरावर. मुलाखतीत तिला विज्ञानातलं कुणी काही विचारलं नाही; सुईत दोरा ओवायला सांगितला. तिने तो पहिल्या फटक्यात ओवला आणि सोमवारपासून विश्वाची रचना शोधायच्या कामाला लागली.

फोटोचा जाड लेप दिलेल्या काचा फुग्याला बांधून आभाळात पाठवायच्या, परत आल्या की धुवायच्या, आणि मग पाच बायकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिवसभर त्या लेपात हिंडायचं. अवकाशातून आलेला कण लेपातून गेला की मागे काळ्या ठिपक्यांची ओळ उरते. बहुतेक ओळी रविवारच्या फिरस्त्यांसारख्या उगीचच कुठून तरी कुठे तरी जातात. पण क्वचित एखादा कण दमून थांबतो आणि थांबल्या जागी फुटून त्याचे तीन होतात. असा तिफाटा जिला सापडेल तिला बाकीच्या चौघी खालच्या बारमध्ये कॉफी पाजत.

“थांबलेल्याकडे धाव नव्हती,” गटप्रमुख डॉक्टर बोर्दिनने तिला पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. “म्हणजे तिघं कितीही जोरात पळोत, तिघांची धाव दिशेसकट एकत्र केली की शून्यच आलं पाहिजे.” त्याने तीन बाण टोकाला टोक लावून काढले. त्रिकोण बरोबर मिटला. एर्सीलियाने छातीवर क्रूस काढला. डॉक्टर देव मानत नसे, पण त्यानेही पेन्सिल जरा वेळ खाली ठेवली.

इस्टरनंतर पाचांतल्या दोघींना कमी करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एर्सीलियाच्या घरी आई होती आणि हातमोज्यांचा कारखाना बंद पडला होता. अशा वेळी, जानेवारीत, तिला एक तिफाटा सापडला. त्याचा त्रिकोण मिटेना.

डॉक्टरने तीनदा बाण काढले. तिन्ही वेळा तेवढीच फट.

“कुणीतरी चौथा आहे,” तो हळूच म्हणाला. “दिसत नाही, पण आपला वाटा घेऊन गेलाय. सिन्योरिना, असा तिफाटा अजून कुणाकडे नाही. तुम्ही आता इस्टरची काळजी सोडा.”

कॉफीला चौघींतली वांदा स्कियाव्होन म्हणाली, “अगं, तुझा तो चोर भेटलाच तर त्याला सांग, माझा डावा मोजाही परत कर.”

डॉक्टर मात्र कागदाभोवती घुटमळत राहिला. “मोठा सभ्य चोर आहे,” दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. “तिघं एका सपाटीत पळतात, तर हाही नेमका त्याच सपाटीत. वर नाही, खाली नाही.” त्याला त्याची गंमत वाटली. एर्सीलियाला वाटली नाही. हातमोज्यांच्या कामात तिने पाहिलं होतं: ओल्या कातड्यावर आखलेला हाताचा पंजा कातडं वाळलं की वेडावाकडा होतो, पण राहतो सपाटच.

तिने काच उचलली. लेपाची कड किंचित उचलली गेली होती.

धुतल्यावर लेप आकसतो, म्हणून प्रत्येक काचेची जाडी शरद ऋतूत मोजून ठेवलेली होती आणि लेपातल्या खोलीचं प्रत्येक माप त्या हिशोबाने वाढवून घेत. पण डिसेंबरात बोटं गारठून सूक्ष्मदर्शकाची चाकं फिरेनात, तेव्हा पाचही जणींनी टेबलं काचांसकट कोळशाच्या शेगडीजवळ ओढली होती. संस्थेच्या इतिहासात एकमताने झालेला हा एकमेव ठराव.

तिने जाडी पुन्हा मोजली. लेप आणखी आकसला होता.

कुणी विचारणार नव्हतं. सकाळभर ती दुसरीच काच तपासत राहिली. मग उठून डॉक्टरच्या दाराशी गेली.

“डॉक्टर, चोर नाहीये. शेगडी आहे.”

त्याने सगळं ऐकून घेतलं, नवे आकडे घातले, बाण काढले. त्रिकोण मिटला; कुठे केसभरही फट नाही.  डॉक्टरच्या तोंडावर निराशा होती, पण ती हळूहळू दुसऱ्याच कशाला जागा देत होती.

“म्हणजे आपणच चुकलो,” तो म्हणाला. “तो चुकला नाही.”

“लेपातलं पाणी कुठे गेलं?” एर्सीलियाने विचारलं.

डॉक्टरने खिडकीकडे बोट दाखवलं. तावदानाच्या आतून ओघळ उतरत होते. “शेगडीने हवेचे कण पिसाळले. त्यांनी धडका देऊन पाण्याच्या कणांना लेपातून हुसकलं, ते तिकडे जाऊन गारठले. क्षणाला किती धडका, मोजवत नाहीत. पण एकीतही काही हरवत नाही. एकाचं जातं ते दुसऱ्याला मिळतं. या खोलीतही, त्या तिफाट्यातही.”

ती ओघळांकडे बघत राहिली. मग भानावर आली.

“आणि इस्टर?”

डॉक्टरने चष्मा पुसला. “डिसेंबरपासून मोजलेली प्रत्येक काच शेगडीजवळच होती?”

“प्रत्येक.”

“मग त्या सगळ्या पुन्हा मोजायच्या.” त्याचा आवाज खोल गेला. “सगळ्या.”

“तीन बायकांचं काम नाही ते,” दारात आलेली वांदा म्हणाली. “पाच तरी हव्यात, आणि तरी संपेस्तोवर पुढचा हिवाळा येईल.”

डॉक्टरने मान हलवली. ती होकारार्थीच हलली.

टेबलं पुन्हा थंड भिंतीशी गेली. एर्सीलियाने डोळा लावला. तिफाटा होता तसाच होता, आता अगदी साधा: तिघं तीन दिशांना जीव खाऊन पळतायत, आणि मिळून त्यांची बेरीज काहीच नाही, पण ते ‘काहीच नाही’ कुणी तसूभरही हलू दिलेलं नाही. तिचा हात क्रूस काढायला छातीकडे गेला. बोटं काकडली होती. तिने आधी त्यांच्यावर फुंकर घातली.