लिंबापर्यंतची फेरी

बॅटरीमास्तरांना घाई ही गोष्ट ठाऊकच नव्हती. विमान निघायला तयार, कप्तान आत बसलेला, पंखा फिरवायला माणूस उभा, आणि हे गृहस्थ धोतराचा सोगा धरून मैदानाच्या कडेच्या लिंबाकडे रमतगमत चालू लागायचे. खोडाला हात लावायचे आणि तसेच रमतगमत परत यायचे. तोवर सगळ्यांनी थांबायचं. निजामाच्या राज्यात खुद्द तालुकदाराला, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरला, ताटकळत ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

बीडच्या माळावर तेव्हा पत्र्याचा एक हँगर होता आणि एक लहानसं सरकारी विमान तिथे अधूनमधून मुक्कामाला यायचं. मी तिथला वायरलेसबाबू, नेकनूरचा. मास्तर धर्मापुरीचे, मोटारी दुरुस्त करता करता इकडे आलेले. विमानाची स्वतःची बॅटरी जेमतेम. हँगरात वायरलेस तपासत बसलं की तीच बसायची. म्हणून मास्तर हातगाडीवर मोठ्या बॅटऱ्या घालून आणायचे, जाड तारा विमानाला जोडायचे, आणि मग कप्तान विमानातून आणि मी कोपऱ्यातल्या खोलीतून हवं तेवढं बोलून बघायचो. ॲसिडनं मास्तरांच्या धोतराची चाळण झाली होती. "धोतराला आमचा धंदा मानवत न्हाई," म्हणायचे.

तपासणी झाली की ते तारा काढायचे, विमानाच्या बॅटरीवर वायरलेस मात्र चालूच ठेवायला लावायचे, आणि फेरीला निघायचे. "दुसऱ्याच्या खांद्यावर कुणीबी चालतंय बाबू. तार काढल्यावर तिचा तिचा दम बगायचा." परत आले की हँगरच्या दारातून एकच प्रश्न: "येतोय का आवाज?" मी आतून म्हणायचो, "येतोय, मास्तर." मगच विमान बाहेर निघायचं.

एकदा मी चिडवलं, "लिंबाला नवस बोललाय काय?"

"बोललोय की. तुमचं लगीन हू दे म्हून. लई अवघड काम हाय, रोज जावं लागतंय."

एका उन्हाळ्यात पटकीची साथ पसरली. कप्तान लशीच्या पेट्या घेऊन निघाला होता. तरणाबांड, हसरा मुलगा. मास्तरांना 'उस्ताद' म्हणायचा. मास्तरांनी तारा काढल्या, सोगा धरला. मला पेट्यांची घाई, वर तालुकदाराचे निरोपावर निरोप. मी खिडकीतून ओरडलो, "मास्तर, आज राहू द्या हो! आवाज खणखणीत होता. हवेत गेल्यावर बॅटरी भरतेच की."

ते थबकले. लिंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फेरी न घालता हातगाडी बाजूला घेतली.

अर्ध्या तासानं पुढच्या वायरलेस ठाण्यानं कळवलं, धुळीचं वादळ येतंय, विमान मागे बोलवा. मी बोलावलं. "आवाज नहीं आ रही, बाबू..." एवढं कप्तान बोलला, तेही बारीक होत होत विझलं. संध्याकाळपर्यंत मी हाका मारत राहिलो. मास्तर दारात उभे. थोड्या थोड्या वेळानं विचारत, "येतोय का आवाज?"

दुसऱ्या दिवशी विमान डोंगरात सापडलं. कप्तान गेला होता. बॅटरीचा एक कप्पा आधीच मेलेला निघाला. तसली बॅटरी हवेत तरी कशी भरणार? एका फेरीत ते कळलं असतं.

चौकशीला हैदराबादेहून साहेब आला. फेरी का घातली नाही, असं त्यानं विचारलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो.

"इसरलो," मास्तर म्हणाले.

कधी काही न विसरणारा माणूस! त्यांची नोकरी गेली, माझी राहिली. बोचकं घेऊन निघाले तेव्हा मी गाठलं. "मास्तर, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तार माझ्या हातात व्हती," ते म्हणाले. "तुमी निस्ते बोललात." माझ्याकडे न बघता ते गेले. मी त्या वेळीही साहेबाकडे गेलो नाही. भ्यालो होतो, दुसरं काय.

धर्मापुरीला जायला मला पुढे कैक वर्षं लागली. तोवर मास्तर वारले होते. त्यांच्या सुनेनं पाणी दिलं. मी ओळख सांगितली, नुसतं 'बाबू' एवढंच, तशी ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मामंजी रोज सांजच्याला त्या लिंबापतुर जायचे," तिनं वेशीकडे बोट केलं. "माघारी येऊन दारात उभं ऱ्हायचे. इचारायचे, 'येतोय का आवाज?' आमाला आदी कळायचंच न्हाई. मग आमी म्हणाया लागलो, 'येतोय.' त्याबिगर आत यायचेच न्हाईत. जेवायचेसुदिक न्हाईत."

"नेहमी 'येतोय'च म्हणायचात?"

"व्हय. पर शेवटच्या दुखण्यात मानायचेच न्हाईत. म्हणायचे, तुमी नगा सांगू. बाबूला सांगू द्या."