कशावरूनबाईंचा शनिवारचा तास

कशावरूनबाईंनी मला फसवले, आणि शाळेने कशावरूनबाईंना फसवले. पहिली फसवणूक माझ्याच दुकानात, भर दुपारी, माझ्याच मुलीसमोर झाली. त्या फसवणुकीबद्दल मी बाईंशी पुष्कळ भांडले आणि ते भांडण आता मुरले. दुसरीबद्दल अजून कोणी कोणाला सगळ्यांसमोर जाब विचारलेला नाही. तो मी विचारणार आहे. पण आधी बाई कोण ते सांगते, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते कळेल.

देवासच्या एका खासगी शाळेत बाई सामाजिक विज्ञान शिकवीत. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी नववी-दहावीच्या मुलांसाठी हट्टाने मागून घेतला होता. वेळापत्रकात त्याचे नाव नैतिक शिक्षण, पण त्या तासाला बाई नीतीचे एक वाक्य बोलत नसत. एखाद्या माणसाला न ओळखताच आपण त्याच्याविषयी काय ठरवून टाकतो, आणि ते आपल्या डोक्यात कोणी घातले, हे त्या मुलांना शोधायला लावीत. कोणी काही ठासून सांगितले की मान जराशी तिरपी करून, भाजीत मीठ पडलंय का असे विचारावे तशा आवाजात विचारीत, "कशावरून?" आणि मग थांबत. हिंदी बोलणारी मुले त्यांना 'कैसे-पता मॅडम' म्हणत. आमच्या मराठी घरांत त्या कशावरूनबाई. त्यांचे ते थांबणे फार वाईट. गप्प बसून समोरच्याला बोलायला लावणे हे माझे धंद्यातले हत्यार आहे. माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसणारे माणूस मी आयुष्यात एकच पाहिले.

माझे कापडाचे दुकान आहे. धारच्या पुढे बाघ म्हणून गाव आहे, तिथे लाकडी ठशांनी तांबडे-काळे कापड छापतात. लग्नानंतर मी ते गाठोड्यात बांधून बसने आणीत असे आणि देवासच्या कॉलन्यांमधून दारोदार विकीत असे. पायरीवर उभी राहून दार उघडणाऱ्या बाईचा चेहरा वाचायचा, ही माझी शाळा. दुकान झाले तेव्हा उलट झाले. आता गिऱ्हाईक पायरी चढते आणि मी वाचते. चपला, पिशवी, बोलणे, एवढ्यात मी कोणाला काय दाखवायचे ते ठरवते.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पायात रबरी चपला होत्या आणि हातात भाजीची पिशवी. मी खालच्या फळीवरची साधी चादर काढली.

"वरची दाखवा," बाई म्हणाल्या.

"ती महाग आहे हो."

"मला परवडणार नाही, कशावरून?"

मी वरची काढली. रंग पक्का आहे म्हटले, त्यावर कशावरून. हातछपाई आहे म्हटले, त्यावर कशावरून. कोपरा पाण्यात बुडवून दाखवला, ठशाचा सांधा जिथे किंचित हलतो ती जागा बोट ठेवून दाखवली. एवढे झाल्यावर मी भाव सांगितला. बाई गप्प. मीही गप्प. समोरच्या रसवंतीवाल्याने दोन ग्लास काढले, गिऱ्हाईक पिऊन गेले, तरी बाई गप्प. शेवटी मीच भाव उतरवला. माझ्या दुकानात असे आधी कधी घडले नव्हते. त्या गेल्यावर सई, माझी मुलगी, मागून म्हणाली, "आई, त्या आमच्या मॅडम आहेत. त्या भाव करत नव्हत्या. त्या विचार करत होत्या."

सई त्या वर्षी नववीत होती. शनिवारी ती घरी आली की जेवताना तासाचे सांगत असे, आणि ते ऐकून माझ्या सासूबाईंचा घास अडकत असे. देवासला पूर्वी एकाच गावात दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. राज्ये गेली, पण आमच्या मराठी घरांत पाती शिल्लक आहे. सोयरीक बघताना अजून कोणीतरी हळूच विचारते, "कुठल्या पातीचे?" बाईंनी वर्गातल्या मराठी मुलांना घरी पाठवले, दुसऱ्या पातीचे लोक कसे असतात ते थोरल्यांना विचारून या म्हणून. सईने आजीला विचारले.

"धाकट्या पातीचे?" सासूबाई थोरल्या पातीच्या. "बोलायला गोड. चहा देतील तो अर्धा कप. आणि मिरवणं मात्र राजासारखं."

"तुम्ही त्यांच्याकडे कधी चहा घेतलाय, आजी?"

"मी कशाला जाते त्यांच्याकडे?"

पुढच्या शनिवारी मुलांनी घरून आणलेली उत्तरे वर्गात सांगितली. धाकट्या पातीच्या घरांतून थोरल्या पातीविषयी हेच आले होते. गोड बोलणे तेच, मिरवणे तेच, अर्धा कपसुद्धा तोच. माळवी मुले बाकावर हात आपटून हसली. बाईंनी त्यांना हसू दिले आणि मग विचारले, तुमच्या घरी मराठी लोकांविषयी काय म्हणतात? एक मुलगा उठून म्हणाला, "मैडम, बुरा मत मानना, पर मराठी लोग मेहमान से पूछते हैं कि चाय लोगे क्या. पूछते काय को हैं, लाव नी." विचारता कशाला, सरळ आणा की, असे. आता हसायची पाळी सगळ्यांची होती. बाई स्वतः इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावे लागले. मग त्या म्हणाल्या, "मी विचारते. घरात दूध नसलं तर पंचाईत नको म्हणून विचारते. आता सांगा, यात कंजूसपणा किती आणि दुधाची काळजी किती?" मुलांनी त्यावर पुढचा अर्धा तास भांडण केले. सई म्हणते, निकाल लागला नाही. बाई निकाल लावतच नसत.

आता माझ्या फसवणुकीकडे येते. बाई एक दिवस म्हणाल्या, "मुलांना तुमच्या दुकानात आणू का? त्यांना खूप शिकायला मिळेल." मला बरे वाटले. मी बाघहून दोन जुने ठसे मागवून घेतले, रंगांचे नमुने काढले, खायला शेव आणि परमल, म्हणजे कुरमुरे, आणून ठेवले. मुले आली, गाद्यांच्या मागे दाटीने बसली. बाई म्हणाल्या, "तुमची गिऱ्हाईकं आधी करून घ्या. आम्हाला घाई नाही."

मी गिऱ्हाईके केली. एक गॉगलवाली बाई आली. तिला दीदी म्हटले, खुर्ची दिली, दहा चादरी उलगडल्या. तिने एक घेतली. मग सोनकच्छच्या बाजूचे एक काका आले. धोतराला धूळ, हातात कापडी थैली. "राम राम, बई. कपड़ो बताव," म्हणाले. मी बसल्या जागेवरून गमछ्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. त्यांनी एक गमछा घेतला, पैसे दिले, गेले.

"चला, आता ठसे बघू," मी म्हटले.

"ठसे नंतर," बाई म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "काय पाहिलंत?"

मुलांनी सगळे सांगितले. कोणाला खुर्ची, कोणाला उभे. कोणाला दीदी, कोणाला काहीच नाही. एक मुलगी म्हणाली, "आंटी ने सबसे पहले चप्पल देखी." मी सईकडे पाहिले. सई छताच्या पंख्याकडे पाहत होती.

माझे डोके तापले. मी म्हटले, "बाई, हा धंदा आहे. तुमचा वर्ग नाही. आणि माझा अंदाज चुकला का? ते गमछाच घेणार हे मला माहीत होतं, आणि त्यांनी गमछाच घेतला."

"बरोबर आला अंदाज," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना गमछाच दाखवलात. ते दुसरं काय घेणार होते?"

मुलांनासुद्धा ते नवीन होते. दोघा-तिघांचे शेव खाणे थांबले. बाई मुलांना म्हणाल्या, "चुकलेला अंदाज सापडतो. बरोबर आलेला सापडत नाही. त्याला जास्त जपून विचारायचं."

मी बाईंना सांगितले की पुन्हा माझी पायरी चढू नका. बाईंनी चपला घातल्या आणि जाता जाता विचारले, "ती हिरव्या काठाची चादर कधी येणार?" पुढच्या आठवड्यात त्या ती घ्यायला आल्या. मी दिली, आणि भाव एक पैसाही उतरवला नाही. त्याही त्या दिवशी भाव ऐकून थांबल्या नाहीत, पैसे मोजून गेल्या. एवढे त्यांना कळत होते. दुकानात आता सगळ्यांना बसायला मिळते आणि गठ्ठे वरच्या फळीपासून उघडतात, पण ते नवे मोठे बाकडे केले म्हणून, बाईंमुळे नव्हे. धंदा चांगला चालला आहे. सोनकच्छकडची लग्ने आता माझ्याकडे येतात.

नंतर बाई अधूनमधून येऊन बसू लागल्या. मी एकदा चिडवायला विचारले, "तुमच्या मनात काहीच नसतं का हो कोणाविषयी?"

"असतं की. अत्तर लावलेला माणूस मला खोटा वाटतो. का, ते ठाऊक नाही. म्हणून अशा माणसाचं बोलणं मी दोनदा ऐकते." पुढे म्हणाल्या, "ते जात नाही हो. ते कुठे बसलंय ते माहीत असलं म्हणजे पुरे."

मग बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात शाल झाली, नारळ झाला. शाळेचे सेक्रेटरी माइकवर म्हणाले की शनिवारचा तास ही शाळेची शान आहे, तो बंद होणार नाही, मॅडम दर शनिवारी येऊन तो घेतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाई धारला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि नवे सत्र सुरू झाले तेव्हा पहिल्या शनिवारी पहाटेची बस धरून, इंदूरला बस बदलून, शाळेच्या फाटकाशी हजर झाल्या. शिपाई म्हणाला, "मैडम, वो पीरियड तो बंद हो गया. आपको बताया नी?"

कोणी सांगितले नव्हते. एक फोन नाही. बाई तिथून चालत माझ्या दुकानात आल्या. मी चहा मागवला, घेणार का असे न विचारता. सगळे ऐकून मी उठलेच. त्या सेक्रेटरीला मी ओळखून आहे, म्हटले, पहिल्यापासून लबाड, माइकवर बोलतानाच मला कळले होते.

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

"बाई, आजच्या दिवशी तरी नको."

"आजच्याच दिवशी. तुम्ही त्यांना विचारलंत का?"

नव्हते विचारले. बाईंनी चहा संपवला, पिशवी उचलली आणि परतीच्या बसला गेल्या.

गेल्या महिन्यात बाघहून माल आणताना मी धारला उतरले. बहिणीच्या घराबाहेर कट्ट्यावर बाई बसल्या होत्या आणि समोर आजूबाजूची सात-आठ मोठी मुले-मुली. कोणीतरी म्हणत होते की इंदूरचे लोक घमेंडी असतात, आणि बाईंची मान तिरपी होत होती. मला पाहून त्यांना आनंद झाला. अंगावर हिरव्या काठाची चादर शालीसारखी घेतली होती. जेवायला थांबवले, निघताना माझ्या गाठोड्याला हात लावून रंग पाहिला. मी शाळेचा विषय काढला तर म्हणाल्या, "मला इथे मुलं मिळाली. देवासच्या मुलांचा तास गेला. माझ्यासाठी भांडायचं असेल तर राहू द्या. त्यांच्यासाठी विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण रागावण्याआधी विचारा. तुम्ही नंतर विचारता."

म्हणून मी सोमवारी शाळेत गेले आणि न रागावता विचारले. सेक्रेटरी म्हणाले, "पालकांची तक्रार आहे. मुलं घरी उलट प्रश्न करतात."

"कोणत्या पालकांची?"

"बऱ्याच जणांची."

"मीही पालक आहे. सई अजून याच शाळेत आहे. मला कोणी विचारलं नाही."

ते हसले. "भाभीजी, आप तो बिजनेस वाली हो. इन बातों में आप कहाँ पड़ती हो." बोलताना त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिले. ते पाहणे मला ओळखू येते. तो माझाच धंदा आहे.

तर सेक्रेटरीसाहेब, येत्या शनिवारी पालकसभा आहे आणि मी दुकान बंद ठेवून येणार आहे. तास बंद करा असे कोणत्या पालकांनी सांगितले? मुलांनी घरी प्रश्न विचारणे ही तक्रार कधीपासून झाली? माइकवर दिलेला शब्द तुम्ही मागे घेतलात, तर बाईंना ते फाटकाशी शिपायाकडून का कळावे? तुम्ही लबाड आहात असे मी म्हणत नाही. बाईंनी मला तेवढे शिकवले आहे. मी विचारते आहे. सगळ्या पालकांसमोर एकदाच विचारीन आणि मग थांबेन. माझे थांबणे तुम्ही अजून पाहिलेले नाही. उत्तर द्या.